अकरा उणिवा आणि अठराशे रुपये

या सदराला आलेलं एक पत्र थोडक्यात असं: वय २९, गाव परभणीकडचं, बी.कॉम. २०१९ पासून पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी. एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेतून राज्य कर निरीक्षक व्हायचं होतं. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले, दोन्ही वेळा यादी थोडक्यात हुकली. गेल्या दिवाळीनंतर अकाउंट्समध्ये खासगी नोकरी शोधायला लागले. पहिल्याच इंटरव्ह्यूत ‘तुमचा वीकनेस काय?’ असं विचारलं गेलं. यूट्यूबवर ऐकलेलं उत्तर दिलं, ‘मी परफेक्शनिस्ट आहे, काम पूर्ण होईपर्यंत मला चैन पडत नाही.’ समोरच्या बाईंनी ‘एखादं उदाहरण?’ एवढंच म्हटलं आणि बोलती बंद झाली. दुसऱ्या वेळी ठरवलं, जे आहे ते सांगायचं. सहा वर्षं वाया गेली, सातत्य नाही, इंग्रजी कच्चं, आत्मविश्वास कमी, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, ‘होईल सगळं नीट’ म्हणाले, ‘कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही. आता तिसरा इंटरव्ह्यू पंधरा दिवसांवर आहे, भोसरीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात. पत्राला त्यांनी स्वतःच्या अकरा उणिवांची यादी जोडली आहे. विचारतात, ‘यातली कोणती सांगू? खोटं बोललो तर पकडला जातो, खरं बोललो तर दया मिळते.’

पत्रात तू मला ताई म्हटलंस आणि ‘अहो-जाहो नको’ असंही लिहिलंस, म्हणून एकेरीतच बोलते.

तुझी यादी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. वीसेक वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर सांभाळलं आहे, अर्ज वाचताना खुणा करायची सवय सुटत नाही. क्रमांक दोन, ‘आईवडिलांच्या अपेक्षा पूर्ण करू शकलो नाही.’ क्रमांक चार, ‘सोबतचे पुढे गेले.’ पाच, ‘सणाला गावी जायची लाज वाटते.’ नऊ, ‘रात्री झोप लागत नाही.’ यातली एक तरी गोष्ट भोसरीच्या त्या कारखान्यात टेबलावर बसून तू करणार आहेस का? या चौघींवर मी काट मारली. त्या खऱ्या नाहीत असं नाही. त्या तुझ्या घरच्या गोष्टी आहेत, आणि हा प्रश्न विचारणारा माणूस तुझ्या घरचा नाही.

मला वाटतं घोळ इथेच होतोय. ‘तुमचा वीकनेस काय?’ हे शब्द समोरचा अकाउंट्स मॅनेजर बोलतो, पण तुला ऐकू येतात ते वडिलांच्या आवाजात. किंवा दिवाळीत ‘काय मग, यंदा तरी?’ विचारणाऱ्या एखाद्या काकाच्या. मग तू उत्तरही त्यांनाच देतोस. पहिल्यांदा त्यांच्यापासून लपायला परफेक्शनिस्ट झालास, दुसऱ्यांदा त्यांच्यापुढे गुन्हा कबूल केलास. मॅनेजर बिचारा दोन्ही वेळा बाजूलाच बसून राहिला.

आणि दुसऱ्या वेळी तू खरं बोललास असं तुला वाटतं, तेही मला पटत नाही. ‘सहा वर्षं वाया गेली’ हा निकाल आहे, माहिती नाही. माहिती अशी की बी.कॉम.नंतर तयारी केली आणि दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. त्या वर्षांत काय काय झालं ते तूही पाहिलं आहेस. २०२१ च्या मार्चमध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली होती. त्या गर्दीत तू होतास, असं पत्रात लिहिलंस. तो सगळा काळ एकट्या तुझ्या नावे खर्ची टाकायचा, हे कुठलं अकाउंटिंग? ‘सातत्य नाही’ म्हणतोस, आणि सहा वर्षं एका गोष्टीला चिकटून राहिलास हेही त्याच पानावर लिहितोस. दोन ओळींत ताळमेळ नाही रे.

आता टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते, कारण तिथे मी बसलेली आहे. अर्ध्या वेळा विचारणाऱ्यालाच माहीत नसतं की हा प्रश्न आपण का विचारतोय. छापील कागद असतो, त्यावर सातवा-आठवा प्रश्न असतो, माणूस विचारून टाकतो. सुरुवातीची काही वर्षं मीही तशीच विचारत होते आणि उत्तर ऐकता ऐकता पुढच्या उमेदवाराचा रेझ्युमे चाळत होते. तेव्हा यात तुला अडकवायला विणलेलं जाळं वगैरे काही नसतं. पण ज्याला खरंच ऐकायचं असतं त्याला तीन गोष्टी कळून घ्यायच्या असतात. या माणसाला स्वतःच्या कामातलं कच्चं कुठे आहे ते दिसतं का? दिसलं तर तो त्याचं काही करतो का? आणि आपण उद्या त्याची चूक दाखवली तर हा फुरंगटून बसेल की वही उघडेल? तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चूक दाखवल्यावर रडणारा आणि चूक दाखवल्यावर भांडणारा, दोघांचाही ताप सारखाच असतो, महिनाअखेरीला तर फारच.

म्हणूनच परफेक्शनिस्टचं उत्तर चालत नाही. ते गुणालाच उणिवेचं झबलं घालून आणणं आहे. दिवसाला सहा उमेदवार बोलावले तर त्यातले तीन-चार परफेक्शनिस्ट निघायचे, उरलेले ‘वर्कोहोलिक’. तुझा मित्र आता ‘ओव्हरथिंकिंग सांग’ म्हणतोय, तेही त्याच दुकानातलं. शिवाय त्या बाईंनी तुला काय विचारलं? ‘एखादं उदाहरण?’ लक्षात घे, खरा प्रश्न हाच असतो. पहिला प्रश्न नुसता दार वाजवणं. पाठ केलेल्या उत्तराला मागची खोली नसते, त्यामुळे दार उघडलं की समोर भिंत.

तू यूट्यूबवर जी मॉक इंटरव्ह्यूची व्हिडिओ पाहिलीस ती बहुतेक यूपीएससी नाहीतर राज्यसेवेची असणार. तिथे २७५ गुणांची व्यक्तिमत्त्व चाचणी, समोर आयोगाचं मंडळ, उमेदवार कलेक्टर होणार की नाही याचा विचार चाललेला. भोसरीत समोर असेल तो माणूस ज्याला दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापलेला आयकर, भरायचा आहे, ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरण) आणि २० ला ३बी (कर भरण्याचं विवरण). मध्ये १४ तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, आली की खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवायची आहेत. त्याला तुझं व्यक्तिमत्त्व नको आहे, दोन हात हवे आहेत. आणि एक गंमत बघ. राज्य कर निरीक्षकाच्या निवडीत मुलाखत नसतेच. मुख्य परीक्षेच्या गुणांवर यादी लागते. म्हणजे सहा वर्षं घासूनही मुलाखत या प्रकाराचा तुला सराव असायचं काही कारणच नव्हतं. दोन इंटरव्ह्यू फसले म्हणजे तू दोनदा सराव केलास, एवढाच त्याचा अर्थ.

‘पण ताई, मग निवडून सांगायचं म्हणजे लपवणंच झालं की.’ हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण तुझ्यासारखे बरेच जण विचारतात. नाही झालं. पाहुणा आला की आपण त्याला ओसरीवर बसवतो, पाणी देतो, चहा टाकतो. त्याला शिडी लावून माळ्यावर चढवत नाही. माळ्यावर अडगळ आहे हे कोणी नाकारत नाही, पाहुण्यालाही ठाऊक असतं, त्याच्याही घरी माळा असतोच. ओसरीवर खोटी माणसं बसवू नयेत, एवढं पाळलं की झालं.

क्रमांक नऊबद्दल मात्र दोन वाक्यं वेगळी. झोप लागत नाही ही इंटरव्ह्यूत सांगायची उणीव नाही, पण सोडून द्यायचीही गोष्ट नाही. महिनोन् महिने असं चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव. तेवढं धाडस होत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर फोन कर, पैसे पडत नाहीत, कोणत्याही वेळी लावता येतो.

आता गॅप, म्हणजे नोकरीविना गेलेली ही वर्षं. तुझ्या बाबतीत वीकनेसच्या प्रश्नापेक्षा हा जड आहे, आणि तू दोन्हींची गाठ मारून ठेवली आहेस, ती सोड. स्पर्धा परीक्षा केलेला मुलगा समोर आला की मॅनेजरच्या मनात ‘हा नापास आहे’ असं येत नाही. त्याच्या मनात येतं, ‘परीक्षेची जाहिरात आली की हा पळणार.’ मीही हाच विचार करत असे, आणि एकदा माझा चांगलाच पोपट झाला होता. मार्चअखेरच्या गडबडीत एक मुलगा ‘गावी काम आहे’ म्हणून गेला तो आलाच नाही. नंतर कळलं, मेन्सची तयारी करायला अभ्यासिकेत जाऊन बसला होता. तेव्हा तुझी सहा वर्षं कशी गेली यापेक्षा पुढची दोन वर्षं कुठे जाणार, हे त्याला ऐकायचं असतं.

आणि इथे मला तुलाच एक विचारायचं आहे. पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, तू लिहिलंस, ‘एक शेवटचा अटेम्प्ट द्यावा असंही अधूनमधून वाटतं.’ वाटतं की ठरलंय? वाटणं साहजिक आहे, ते आणखी काही वर्षं वाटेल. पण ठरलं असेल तर ही नोकरी घेताना तुझ्या डोक्यात दोन वेळापत्रकं असतील आणि समोरच्याला ते तुझ्या तोंडावर दिसेल. दोन्ही रस्ते चालण्यासारखे आहेत. नोकरी करून परीक्षा देणारे खूप जण आहेत. पण मग तुला अशी नोकरी बघावी लागेल जिथे रविवार मोकळा मिळतो आणि मार्चमध्ये सुट्टी मागणार नाहीस हे तू मनाशी पक्कं केलेलं असेल. आणि थांबायचं असेल तर थांब आणि तसं म्हण. ‘२०१९ ते २०२५ संयुक्त परीक्षेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षा दिली, निवड झाली नाही. आता मी ते थांबवलं आहे आणि अकाउंट्समध्येच काम करायचं ठरवलं आहे.’ इतकंच. वीस सेकंदांत संपतं. आवाज खाली जाऊ द्यायचा नाही, ‘पण’ लावून पुढे काही जोडायचं नाही. थांबायचं ठरलेलं नसताना हे वाक्य मात्र म्हणू नकोस, ते पहिल्याच जाहिरातीला उघडं पडेल.

ही गॅप वीकनेसच्या उत्तरात आणायची नाही. ती वेगळी विचारली जाईल, तिचं उत्तर वेगळं दे.

आता तुझ्या यादीतल्या क्रमांक सातकडे येते. त्याच्यासाठीच मी हे पत्र सदराला निवडलं. तू लिहिलंस, आणि तेही कंसात, घाईघाईत लिहिल्यासारखं: ‘लोकांकडून पैसे मागायला जमत नाही (खोलीचा हिशेब चार वर्षं माझ्याकडे होता, सहा जणांचं भाडं, लाईटबिल, सिलेंडर. सुरुवातीला चार महिने कमी पडलेले पैसे मी खिशातून भरले. मग दारामागे कागद चिकटवायला लागलो. एकाकडे अजून अठराशे बाकी आहेत).’

अरे, राज्य कर निरीक्षक व्हायला निघालेल्या माणसाला रूममेटकडून लाईटबिल मागता येत नाही! वाचून मी हसले, रागावू नकोस. पण हसल्यावर त्या कंसात काय काय आहे ते बघितलं. बाकीच्या पाच पोरांनी चार वर्षं हिशेब तुझ्याकडे ठेवला. उगाच कोणी ठेवत नाही. कामातली खरीखुरी उणीव आहे. तिच्यामुळे झालेलं नुकसान आहे, रुपयांत मोजता येईल असं. आणि तिच्यावर तू स्वतः शोधलेला उपाय आहे. दारामागचा कागद. त्यावर काय लिहायचास ते तू सांगितलं नाहीस, मी अंदाज करते: नाव, तारीख, भाड्याचे किती, बिलाचे किती, बाकी किती. अकाउंट्सच्या भाषेत याला आउटस्टँडिंग रिपोर्ट म्हणतात. तू तो तीन-साडेतीन वर्षं दर महिन्याला काढलास आणि यादीत लिहिलंस की मला काही येत नाही.

अकाउंट्समध्ये निम्मं काम मागण्याचंच असतं, हे तुला नोकरीत गेल्यावर कळेल. गिऱ्हाइकाकडून पैसे मागायचे, परचेसवाल्याकडून बिलं मागायची, स्टोअरकडून मालाच्या आवक पावत्या मागायच्या, सेल्सच्या पोरांकडून प्रवासखर्चाच्या पावत्या मागायच्या. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, तरी छोट्या कारखान्यांचे अकाउंट्सवाले मोठ्या कंपन्यांना फोन करकरून दमतात. त्यामुळे ‘मला मागायला संकोच वाटतो’ हे ऐकल्यावर त्या मॅनेजरचे कान टवकारणारच. म्हणून हे उत्तर थोडं जोखमीचंही आहे. जाहिरातीत काम नुसतं वसुलीचं असेल तर ते देऊ नकोस. खरं तर तशा जागेसाठी अर्जच करू नकोस, रोज पोटात गोळा येईल. पण तू लिहिलेल्या माहितीवरून ही जागा बिलांच्या नोंदी, बँक आणि जीएसटीची दिसते. तिथे ते चालेल.

कसं बोलशील? साधारण असं, तुझ्या शब्दांत: ‘सर, समोरच्याकडून पैसे किंवा कागद मागताना मला संकोच वाटतो. आम्ही सहा जण खोली करून राहायचो, हिशेब माझ्याकडे होता. पहिले चार महिने कोणाला बोललोच नाही, कमी पडले ते खिशातून भरले. मग मी दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येकाची बाकी लिहून दारामागे लावायला लागलो. तोंडाने मागावं लागत नव्हतं आणि आठवणही राहायची. बहुतेकांचे पैसे वेळेवर यायला लागले. समोरासमोर मागणं मला अजून जड जातं, पण तारीख आणि आकडा लिहून काढला की जमतं.’

बघ, यात कुठेही तू बिचारा नाहीस. शूरवीरही नाहीस. शेवटच्या वाक्यात उणीव तशीच शिल्लक आहे, आणि ती शिल्लक राहू दे. ‘आता मी त्यावर पूर्ण मात केली आहे’ म्हणालास की परत यूट्यूबचा वास येईल. आणि ‘उदाहरण?’ विचारायला जागाच उरत नाही, कारण उदाहरण आधीच आलंय. विचारलंच तर विचारतील, ‘सगळ्यांनी दिले का?’ त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे, त्याकडे शेवटी येते.

मी असंच एक उत्तर ऐकलं होतं, बरीच वर्षं झाली. स्टोअरकीपरच्या जागेसाठी एक मुलगा आला होता, किरकोळ अंगाचा, आवाज इतका हळू की दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं. वीकनेस विचारल्यावर म्हणाला, ‘मॅडम, मला ओरडता येत नाही. आधीच्या ठिकाणी ट्रकचे ड्रायव्हर माझं ऐकायचे नाहीत, चलन न दाखवताच गाडी आत घालायचे. मग मी गेटवर पाटी रंगवून घेतली, चलन दाखवल्याशिवाय गाडी आत नाही, आणि वॉचमनला चहा पाजला.’ चहाचं ऐकून आम्ही तिघंही हसलो. घेतला त्याला. आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला.

आता दुसरा पर्याय, हा पहिला तुला फारच उघडंवाघडं वाटत असेल तर. तू २०१८ ला बी.कॉम. झालास, म्हणजे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकला असशील तर त्याच्या ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीवर. नवं टॅली प्राईम आलं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, तेव्हा तू अभ्यासिकेत होतास. हा सरळ सांगता येण्यासारखा कच्चेपणा आहे, पण नुसता सांगून चालणार नाही, पंधरा दिवसांत त्याचं काहीतरी करावं लागेल. टॅली प्राईम एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे शिकण्यापुरतं, फुकट वापरता येतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी होतात, पण हात बसायला तेवढं पुष्कळ आहे. तुमच्या मेसच्या काकूंकडे किराण्याची बिलं असतील, त्यांना विचारून महिनाभराची घे आणि टाक. मग इंटरव्ह्यूत म्हणता येईल, ‘प्राईमवर खरेदी-विक्रीच्या नोंदी करतोय, जमतं. बँक रिकन्सिलिएशनला अजून वेळ लागतो, महिन्याचं स्टेटमेंट जुळवायला मला दोन तास लागतात.’ दोन तास लागत असतील तरच दोन तास म्हण. घड्याळ लावून बघ. खरा आकडा ऐकला की अकाउंट्सचा माणूस पुढे वाकून बसतो, हे मी कित्येकदा पाहिलंय.

दोन्हींपैकी मी सातवाच घेईन. टॅलीचं काम मात्र उत्तर कोणतंही दिलंस तरी कर, कारण तिथे संगणकावर बसवून दोन नोंदी करायला सांगण्याची दाट शक्यता आहे.

‘आकड्यांत माझ्या चुका होतात’ असलं काही मात्र अकाउंट्सच्या इंटरव्ह्यूत सांगू नये. ज्या कामाला जातोय त्याचा कणाच मोडका आहे असं सांगण्यासारखं ते. आणि ते खरंच असेल तर उत्तर बदलण्याऐवजी नोकरी बदलायचा विचार करावा. तुझ्या यादीत ते नाही, मी तपासलं.

इंग्रजीचं तू इतकं मनाला लावून घेतलंयस की यादीत ते दोनदा आलंय, तीन आणि दहा. ‘इंग्रजी कच्चं’ म्हणजे नेमकं काय? अर्थसंकल्पाची कागदपत्रं, कायद्यांची कलमं तू इंग्रजीतून वाचलीस ना? मग वाचायला येतं. बोलताना अडखळतोस आणि मेल लिहायला वेळ लागतो. तेवढंच आहे ते. प्रश्न इंग्रजीत आला तर पहिलं वाक्य इंग्रजीत म्हण आणि मग विचार, ‘मराठीत सांगितलं तर चालेल का?’ भोसरी-चाकणच्या बहुतेक कारखान्यांत चालतं, कारण विचारणारा स्वतः सुटकेचा श्वास सोडतो. चालणार नाही म्हणाले तर मोडकंतोडकं बोल, पण वाक्य पूर्ण कर. अर्धवट सोडलेलं वाक्य चुकीच्या वाक्यापेक्षा वाईट ऐकू येतं.

सराव कसा करायचा? आरशासमोर नको. आरशासमोर माणूस भाषण करतो. फोनवर रेकॉर्ड कर, मिनिटाच्या आत संपतंय का बघ. मग आईला फोन करून तीच गोष्ट सांग, इंटरव्ह्यूचं नाव न काढता, दारामागच्या कागदाची गोष्ट म्हणून. आई मध्येच ‘मग दिले का त्यांनी?’ म्हणाली तर उत्तर जमलं असं समज. पाठ करू नकोस, दर वेळी शब्द थोडे बदलू देत.

ज्यांना स्पर्धा परीक्षा, खोली, मेस यातलं काही लागू नाही, त्यांनी हेच आपल्या घरात शोधावं. बाळंतपणानंतर चार-पाच वर्षांनी कामावर परतणाऱ्या बायका ‘माझी गॅप हाच माझा वीकनेस’ म्हणतात, तेव्हा मला त्यांना थांबवावंसं वाटतं. गॅप ही तारीख आहे. वीकनेस कदाचित असा असेल की एक्सेलमधली नवी सूत्रं माहीत नाहीत. ते आठवड्यात येतं. नुकत्याच कॉलेजमधून बाहेर पडलेल्यांनी गॅदरिंगचा, गणपती मंडळाच्या वर्गणीचा, गटाने केलेल्या प्रोजेक्टचा प्रसंग आठवावा. कुठे काय बिघडलं होतं आणि पुढच्या वेळी आपण काय वेगळं केलं, ‘पुढच्या वेळी’ असायला मात्र हवं. आणि दहा-पंधरा वर्षं नोकरी झालेल्यांनी, कृपा करून, ‘मला दुसऱ्यावर काम सोपवता येत नाही’ हे उत्तर काही वर्षं विश्रांतीला पाठवावं.

हे सगळं नीट करूनही कदाचित होणार नाही. त्यांच्या मनात आधीच कोणी ठरलेलं असेल, पगाराचं जमणार नाही, मालकाचा भाचा असेल. तेव्हा रात्री बसून उणिवा मोजू नकोस. बाराव्या उणिवेला जागा नाही.

आता ते अठराशे. इंटरव्ह्यूला अजून पंधरा दिवस आहेत. ज्याच्याकडे ते बाकी आहेत त्याला आज-उद्या फोन कर. मेसेज नको, फोन. ‘बाकी सगळं ठीक ना’पासून सुरुवात केलीस तर तू शेवटपर्यंत मुद्द्यावर येणार नाहीस, मला माहीत आहे, म्हणून आधी कागदावर लिही: कोणत्या महिन्यांचे, किती, कधीपर्यंत. मग वाचून दाखवल्यासारखं म्हण. दिले तर मला कळव. नाही दिले तरी कळव, कारण इंटरव्ह्यूत ‘सगळ्यांनी दिले का?’ असं विचारलं तर ‘एकाचे राहिलेत, गेल्या आठवड्यात फोन केलाय, १० तारखेला देतो म्हणालाय’ असं तुला सांगता आलं पाहिजे.